फळ्यावर न लावलेली कार्डं

३० सप्टेंबर, सोमवार

हेडविगने आज मला एक कोरी वही दिली. म्हणाली, "गुनेल, कामावर नजर ठेवायला आपण फळा लावतोय ना, त्याचं कसं चालतं ते लिहून ठेवत जा. पुढे उपयोगी पडेल." ती वही कपाटात आहे. तिच्यात मी सभ्य भाषेत लिहीन. ही वही माझी स्वतःची, वाण्याकडून आणलेली, आणि हिच्यात मी काय वाटेल ते लिहिणार.

तर खरी गोष्ट अशी. आमचा कारखाना जिन्यांचा. घरातले लाकडी जिने, प्रत्येक घराच्या मापाचे. मला इथे बावीस वर्षं झाली, पण एका जिन्यासारखा दुसरा जिना मी अजून पाहिलेला नाही. निम्म्याहून जास्त जिने घेते ती यन्शपिंग शहरातली, घरं बांधणारी एक कंपनी. त्यांचा खरेदीवाला लेनार्त शुक्रवारी येऊन गेला. कॉफीला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, या वर्षी अकरा जिने उशिरा आले. आता नोव्हेंबरअखेरपर्यंत एक जरी उशिरा आला, तरी नव्या वर्षापासून दुसरीकडून घेऊ.

हेडविगने बापाकडून कारखाना हातात घेतला त्याला एक वर्षही झालं नाही. तेहेतीस वर्षांची पोर. लेनार्त गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी होती. आम्ही एकतीस माणसं. निम्मं काम गेलं तर निम्मी माणसं जाणार, हे सांगायला लेनार्त कशाला हवा?

३ ऑक्टोबर, गुरुवार

फळ्याची कल्पना माझी. हे मी त्या दुसऱ्या वहीत लिहिलं नाही, बरं दिसत नाही. इथे लिहिते.

आमच्याकडे कुठला जिना कुठे पोचलाय हे विचारायचं तर अख्खा कारखाना पायी फिरावा लागतो. आता भिंतीवर मोठा फळा, त्यावर सात रकाने: ऑफिस, ड्रॉइंग, कटिंग, सुतारकाम, जोडणी, पेंट, ट्रक. प्रत्येक जिन्याचं एक कार्ड. ऑर्डर आली त्याच दिवशी कार्ड फळ्यावर लावायचं, आणि काम पुढे सरकलं की कार्ड पुढच्या रकान्यात. एकाच रकान्यात तीन दिवसांहून जास्त राहिलं की त्याला लाल चुंबक. जाता-येता सगळ्यांना दिसेल, कोण अडवून बसलंय.

कोण अडवून बसलंय हे सगळ्यांना माहीतच आहे. पेंटवाला बोर्ये. साठीला आलाय, दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन हवामानावर. लाल चुंबकं मी त्याच्यासाठीच घेतली. चाळीस घेतली.

जेवणाला वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. गुरुवार आहे म्हटल्यावर दुसरं काय असणार!

८ ऑक्टोबर, मंगळवार

फळा लागला. सगळे जमले, हेडविगने दोन शब्द सांगितले, मी चार सांगितले. ड्रॉइंगवाला मिर्साद शेजारच्याच खोलीत बसतो. तो फळ्याकडे बघत म्हणाला, "पहिला रकाना जरा रुंद ठेवायचा होतास."

"का रे? पहिल्यात काय असणार? ऑर्डर येते, मी ग्राहकाला राहिलेलं विचारते, कागद तुझ्याकडे देते. झालं."

"हो ना," म्हणाला आणि हसला. बोस्नियाहून आला तेव्हा त्याला स्वीडिशमध्ये नुसतं 'धन्यवाद' येत होतं. आता टोमणे मारतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

एल्कची, त्या घोड्याएवढ्या हरणांची, शिकार सुरू. नऊजण जंगलात, त्यात बोर्ये म्हाताऱ्यांच्या टोळीचा नायक. दर वर्षी याच आठवड्यात कुणीतरी कुणालातरी जिना कबूल करतं, जणू एल्क या देशात यंदाच आलाय. यंदा मी कुणालाही काही कबूल केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र समजत नाही. बोर्ये रजेवर, पेंटमध्ये दोनच पोरी, तरी पेंटचा रकाना रिकामा. काही अडलेलंच नाही. उलट पहिल्या रकान्यात चौदा कार्डं, आणि त्यातल्या नऊंवर लाल. गोवर उठल्यासारखं दिसतं. येणारा-जाणारा तिथेच बघतो. ट्रकवाल्याने विचारलं, "हे काय, ऑफिसला सुट्टी आहे का?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

हेडविगने विचारलंच. फार हळू आवाजात, त्यामुळे जास्तच राग आला. "गुनेल, हे तुझ्याकडे इतके दिवस का राहतात?"

मी म्हटलं, "कारण मी नीट तपासते. तीनदा तपासते."

तिला माहीत नाही, ती तेव्हा शिकायला बाहेर होती. अकरा वर्षांपूर्वी माझ्या कागदावर चौदाच्या जागी तेरा पायऱ्या लिहिल्या गेल्या. वेक्शे गावचं एक जोडपं, बाई सात महिन्यांची पोटुशी, आणि तीन आठवडे त्यांनी शिडीवरून वर-खाली केलं. हेडविगचा बाप मला एक शब्द बोलला नाही. तो चुकलेला जिना त्याने अंगणात माझ्या खिडकीसमोर उभा केला आणि तसाच ठेवला. पावसात, मग बर्फात. एप्रिलमध्ये कुणीतरी जळणाला नेला. तोवर मी तो रोज बघत होते.

तेव्हापासून तीनदा. ग्राहकाला लेखी विचारायचं, लेखी उत्तर आल्याशिवाय कागद हलवायचा नाही. यात चुकलं कुठे?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

उपाय सापडला, आणि इतका सोपा की आधी कसा सुचला नाही! ऑर्डर पूर्ण तपासून होत नाही तोवर ती ऑर्डर म्हणायचीच कशाला? ती नुसती चौकशी. चौकशीचं कार्ड फळ्यावर कशाला लावायचं? मी टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये त्यांच्यासाठी एक टोपली ठेवली. सगळं तपासून झालं की कार्ड फळ्यावर, आणि त्याच दिवशी मिर्सादच्या रकान्यात.

फळा एकदम स्वच्छ, औषधालाही लाल नाही. हेडविग येऊन बघून गेली, चेहरा खुलला. लेनार्तला फोटो पाठवला म्हणे.

आणखी एक शिस्त लावली. नऊच्या कॉफीला आम्ही सगळे एकत्र बसतो, आणि तिथे मी आपली ऑर्डरींबद्दल बडबडत असते. अमक्या बाईंना पांढरा जिना हवाय पण पायऱ्या ओकच्या, तमक्याला कठडा काळा हवाय, बायकोला नकोय, घरात भांडण चालू आहे. बावीस वर्षं ही बडबड. आज जाहीर केलं: कॉफीला कॉफी, ऑर्डरींची माहिती फळ्यावर. पोरकटपणा पुरे.

घरी आल्व्हारला सांगितलं. तो शाळेची बस चालवतो, दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला असतो. म्हणाला, "तू गप्प बसणार? कॉफीला? त्या बिचाऱ्यांनी करायचं काय मग?" दातात अडकलेलं काढत बसला होता. मी लक्ष दिलं नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

कॉफी फार नीरस होते हल्ली. सगळे दालचिनीच्या बनकडे बघत बसतात. बोर्ये एक जुनाट वही उघडून बसतो, माझ्याकडे बघतो, थोडा वेळ थांबतो आणि बंद करतो. मी विचारलं, "शब्दकोडं का?"

"नाही," म्हणाला. आजच्या चारातलं एक वाक्य संपलं.

मला वाटतं त्याला काहीतरी बोलायचंय. बोलेल तेव्हा बोलेल.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज फळ्याने बोर्येला उघडं पाडलं! पेंटच्या रकान्यात सहा कार्डं, पैकी चार लाल. मी म्हणतच होते. हेडविगला हाताला धरून फळ्यापुढे नेलं. "बघ. मी सांगत नव्हते?"

ती म्हणाली, "ऑक्टोबरात तर तिथे काहीच नव्हतं."

"तेव्हा तो जंगलात होता," मी म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच ते जरा विचित्र वाटलं.

बोर्येला जाऊन विचारलं. म्हणाला, "सगळं एकदम येतं आता." एकदम येतं म्हणजे काय? फळ्यावर दिसतंय ना! मी त्याला फळा दाखवला. त्याने बघितला आणि हात पुसत गेला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पांढरा रंग संपला. ऐन वेळी. कालचा यन्शपिंगचा जिना ट्रक निघायच्या अर्धा तास आधी वाळला. जीव भांड्यात पडला. बोर्ये या आधी कधीही रंगात कमी पडलेला नाही, हे मात्र खरं. वय झालं असेल. हेडविगशी बोलायला हवं, पण सांभाळून.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं ते लिहायला हात उचलत नाहीये. लिहिते.

सकाळी साडेअकराला लेनार्तचा फोन. "मंगळवारचे तीन निघतायत ना?"

"हो हो," म्हणून फळ्याकडे बघितलं. पुढच्या मंगळवारचे तीन जिने, एकाच रांगेतली तीन घरं. कार्डं ट्रकच्या आसपास असायला हवीत. ट्रकमध्ये नाहीत. पेंटमध्ये नाहीत. कुठेच नाहीत.  फोन ठेवला, खालचा ड्रॉवर ओढला. टोपलीत सगळ्यांत खाली, तीनही. मी चार तारखेला लेनार्तच्या ऑफिसला मेल केली होती, दोन मजल्यांमधली नेमकी उंची किती? उत्तर आलं नव्हतं. उत्तर नाही म्हणून कार्ड हललं नव्हतं. आणि ड्रॉवरमध्ये लाल चुंबक कोण लावणार?

एका जिन्याला दोन आठवडे लागतात. हातात पाच दिवस.

शेजारच्या खोलीत गेले. "मिर्साद, या तीन घरांची उंची मला तातडीने—"

त्याने कार्डांकडे बघितलं. "याची? ही घरं? अगं, यांचे नकाशे माझ्याकडे ऑगस्टपासून पडलेत." दोन बटणं दाबली, आकडा पडद्यावर. "विचारलं का नाहीस?"

विचारलं का नाही! भिंतीपलीकडे बसतो तो. आमच्या मध्ये एक दार, तेही उघडं असतं.

मी खाली बसले. त्याने पाणी आणून दिलं आणि लगेच ड्रॉइंगला लागला. 

२० नोव्हेंबर, बुधवार

टोपली उचलून कॉफीला नेली. रात्री ठरवलं होतं, सकाळी बदलेल असं वाटलं होतं, बदललं नाही. बनची ताटं बाजूला सारली आणि कार्डं टेबलावर ओतली. तेवीस निघाली. तीस माणसं बघत होती, हेडविग दारात.

म्हटलं, "ही मी लपवून ठेवली होती. फळ्यावर लाल दिसू नयेत म्हणून. यातली तीन मंगळवारी यन्शपिंगला जायचीत आणि अजून लाकूडही कापलेलं नाही. दोष पेंटचा नाही, कुणाचाच नाही, माझा आहे." 

 मग बोर्ये उठला. मला वाटलं निघून चाललाय. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि ती जुनाट वही माझ्यासमोर उघडली. पानंच्या पानं, बारीक अक्षरात. 'जोहानसन बाई, पांढरा, पायऱ्या ओक, बहुतेक डिसेंबर.' 'काळा कठडा, बायको नको म्हणते, थांबावं.' 'तीन सारखी घरं, रंग मागवून ठेवणे.' नऊ वर्षांच्या तारखा.

"हे काय?"

"तू बोलायचीस," म्हणाला. "मी लिहायचो. त्यावरून रंग मागवायचो, पोरींच्या पाळ्या लावायचो. कागद तुझ्याकडून येईपर्यंत आमची तयारी झालेली असायची." शेवटचं पान दाखवत म्हणाला, "गेला महिनाभर काहीच लिहायला मिळालं नाही."

कटिंगवाली उल्ला म्हणाली, "मीही तुझ्या बोलण्यावरूनच लाकूड मागवायचे. वही नाही, डोक्यात ठेवायचे."

मला वाटायचं मी नुसती बडबड करते, आणि काम होतं ते माझ्या कागदांमुळे. इतकी लाज मला तेरा पायऱ्यांच्या वेळीही वाटली नव्हती. आणि खरं सांगू? लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. नऊ वर्षं कुणीतरी माझा शब्द न् शब्द लिहून घेत होतं, आणि मी त्याच्यासाठी चाळीस लाल चुंबकं विकत आणली.

हेडविग म्हणाली, "ठीक आहे. ही तेवीस कार्डं काय आहेत ते आत्ता सांग. सगळ्यांना. पटापट."

मी सांगत गेले. कॉफी साडेदहापर्यंत चालली. कारखान्याच्या इतिहासात असं झालेलं नाही. नऊ ऑर्डरींचं उत्तर त्याच टेबलावर कुणा ना कुणाकडे होतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी कामाला या, असं मी कुणाला म्हणणार? म्हटलंही नाही. उल्ला आपणहून म्हणाली मी येते, मग जोडणीवाले, मग पेंटच्या दोन्ही पोरी. चौदाजण आले. बोर्येने घरून एल्कचा रस्सा आणला, भलं मोठं पातेलं. आल्व्हार बटाटे सोलायला येऊन बसला, कारण घरी एकट्याने बसून करणार काय!

संध्याकाळी चारला तिसऱ्या जिन्याला रंगाचा पहिला हात लागला. पेंट शॉपच्या दाराशी उभी होते. बोर्ये म्हणाला, "आत ये, गार वारा येतो, रंगावर धूळ बसेल." बावीस वर्षांत त्याने मला आत बोलावलं ते आज पहिल्यांदा. की मीच कधी गेले नव्हते?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रक एक वाजून दहा मिनिटांनी गेला. तीनही जिने. फाटकापर्यंत पंधरावीसजण सोडायला आले होते, पोरीला सासरी पाठवावं तसे. हसू नका म्हणाले मी त्यांना, आणि मीच पहिली हसले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लेनार्त आला. हेडविग म्हणाली, त्याला फक्त आकडे दाखवू. आकडे चांगले आहेत, एकही उशीर नाही. पण मी त्याच्यासमोर बसले आणि ड्रॉवरचं सगळं सांगितलं. हेडविग टेबलाखालून मला पाय मारत होती.

लेनार्तने ऐकून घेतलं. "माझ्याकडून उंचीचं उत्तर आलं नव्हतं?"

"नाही."

"माझ्याकडेही असला एक ड्रॉवर आहे," म्हणाला. मग कॉफी मागितली. बनही घेतला, दोन घेतले. पुढच्या वर्षाचा करार होणार आहे, जूनमध्ये पुन्हा बघायचं या अटीवर. हेडविग त्याला गाडीपर्यंत सोडून आली आणि जिन्यावरच बसून राहिली. मी शेजारी बसले. एकतीसच्या एकतीस, असं ती दोनदा म्हणाली.

मग म्हणाली, "गुनेल, सोमवारपासून कार्ड आलं त्याच दिवशी फळ्यावर. आणि तपासायचं एकदाच. पुढचं मिर्साद बघेल."

"आणि चूक झाली तर?"

"तर होईल."

तिला काय, तिने तो जिना बर्फात उभा पाहिलेला नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आज एक ऑर्डर एकदाच तपासून सोडली. निवृत्त शिक्षकाचं घर, साधा सरळ जिना. दहा वाजून वीस मिनिटांनी कार्ड स्वतःच्या हाताने मिर्सादच्या रकान्यात नेऊन लावलं.  परत येऊन बसले, दुसरं काम घेतलं, एक अक्षर वाचता येईना.

अकराला मिर्साद दारात. हातात माझा कागद. पाचावर धारण बसली.

"यावर रुंदी ऐंशी लिहिलीयस. नकाशात नव्वद आहे. नव्वदच ना?"

बघितलं. नव्वद. मी चुकले होते. एकदाच तपासलं आणि पहिल्याच दिवशी चुकले.

"नव्वद," म्हटलं.

त्याने खिशातलं पेन काढलं, आकडा खोडला, वर नव्वद लिहिलं. "ग्राहकाला फोन करू का खात्रीला?" मी हो म्हटलं. त्याने तिथूनच केला, शिक्षक नव्वद म्हणाले, वर थंडीची चौकशीही केली. मिर्साद मान हलवून गेला. माझ्या समोरच्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

चार मिनिटं. अकरा वर्षं मी ज्याच्या धास्तीने शेकडो कागद अडवून ठेवले, ते शेजारच्या खोलीत चार मिनिटांत दुरुस्त झालं, आणि कुणी काही बोललंसुद्धा नाही.

बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि रडले. चांगली दहा मिनिटं रडले. बाहेर आले तर दाराशी उल्ला वाट बघत उभी. म्हणाली, "झालं असेल तर सांग, आज काय काय आलंय? मला लाकूड मागवायचंय."